गाळाच्या खताचा अहवाल गावासमोर वाचताना

तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक. नाशिकचं सांडपाणी या केंद्रांवर शुद्ध होतं, आणि पाणी शुद्ध झालं की मागे गाळ राहतोच. इकडे गोठे रिकामे होत चालले आहेत आणि शेणखताच्या ट्रॉलीचा भाव परवडत नाही. त्यामुळे वाळवून, कुजवून खत केलेला तो गाळ कुणी फुकट देतो म्हटलं की शेतकरी ऐकून घेतो. त्यात नत्र, स्फुरद आहे, सेंद्रिय कर्बही आहे. शहराचं जे काही नाल्यात जातं, तेही त्यात आहे.

मी मृदशास्त्र शिकले आहे. ओढा-लाखलगाव पट्ट्यातल्या एका शेतकरी गटाचं माती परीक्षणाचं काम बघते. गटाला एका केंद्राकडून असं खत देऊ केलं गेलं, तेव्हा ‘त्यात काय आहे ते गावाला समजावून सांगा’ हे काम माझ्याकडे आलं. मी एकच अट घातली: नमुना घ्यायला गावातली माणसं माझ्यासोबत येतील.

ती आली. गाळ वाळवायच्या वाफ्यांत काळ्या, तडकलेल्या ढेपा होत्या, शेजारी कुजवलेल्या खताचा ढीग. ढिगाच्या चारही बाजूंनी, वरून, पोटातून, तळातून आम्ही खत काढलं. ताडपत्रीवर पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन काढून टाकले. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मातीचा नमुना असाच घेतात, त्यामुळे कुणाला काही शिकवावं लागलं नाही. पिशवीला दोरा बांधून चिठ्ठीवर सह्याही त्यांनीच केल्या. पुढे ‘हा नमुना कुठला?’ असं गावात कुणीतरी विचारलंच, तेव्हा उत्तर मला द्यावं लागलं नाही.

अहवालात शिसं आणि कॅडमियम मर्यादेच्या बरेच आत होते. निकेल मर्यादेला टेकत आलं होतं. सातपूर-अंबडकडे प्लेटिंगचे, म्हणजे धातूवर मुलामा चढवणारे, छोटे कारखाने आहेत हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे बोट लगेच तिकडे गेलं. मी म्हटलं, या ढिगातलं निकेल कुठून आलं हे एका अहवालावरून सांगता येणार नाही, त्यासाठी नाल्याच्या वरच्या अंगाचे नमुने लागतील. असं बोललं की माणसं नाराज होतात. तरी ते बोलावंच लागतं.

खरी झटापट गावात वाटायच्या माहितीपत्रकावरून झाली. खत देणाऱ्यांनी मसुदा पाठवला, त्यात ‘पूर्णपणे सुरक्षित’ असं ठळक अक्षरात होतं. त्याच सुमाराला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गटारीच्या खताने कॅन्सर’ हा मेसेज फिरत होता. मला दोन्ही नको होते. मी लिहून दिलं: काय तपासलं, किती निघालं, मर्यादा किती, काय तपासलेलंच नाही. ‘एवढं सांगितलं तर लोक घाबरतील’ असं मला बजावण्यात आलं. अमेरिकेत अशा गाळात निकेल किलोमागे ४२० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आपल्याकडे मर्यादाच ५० आहे, मग कशाला घाबरवता? आकडा खरा आहे. पण तो नियम १९९३ सालचा आहे. त्याच देशातल्या मेन राज्याने २०२२ मध्ये शेतात असा गाळ टाकणं कायद्याने बंद केलं, कारण त्यात पीएफएएस नावाची, निसर्गात न विघटणारी रसायनं सापडत होती. एक सांगायचं तर दुसरंही सांगा, यावर मी अडून बसले. अखेर ‘पूर्णपणे सुरक्षित’ निघालं.

बैठक मारुतीच्या सभामंडपात झाली. बरेचसे द्राक्षवाले. या मंडळींना रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, अहवाल वाचता येतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला तेव्हापासून पीपीएम, म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम, हा शब्द इथे घराघरांत आहे. मी फळ्यावर शहरी कंपोस्टच्या मर्यादा लिहिल्या: कॅडमियम ५, निकेल ५०, शिसं १०० मिलिग्रॅम प्रति किलो. लगेच एक काका उभे राहिले. “काय सांगू राहिल्या ताई? आमचा माल ०.०१ ला परत येतो, अन् इथं पाच चालतं?”

याचं उत्तर घाईत देऊन चालणार नव्हतं. ०.०१ ही फळातल्या औषधाच्या अंशाची मर्यादा, ५ ही खतातल्या धातूची. मधे सगळी जमीन आहे. फळ्यावर हिशेब मांडला. खतात कॅडमियम अगदी मर्यादेइतकं, म्हणजे ५ मिलिग्रॅम धरलं आणि एकरी पाच टन खत टाकलं, तर २५ ग्रॅम कॅडमियम शेतात जातं. एकराच्या वरच्या सहा-सात इंच मातीचं वजन सुमारे ९०० टन. म्हणजे एका वेळेला किलोभर मातीत जेमतेम ०.०३ मिलिग्रॅमची भर. “मंग काय, काहीच नाही,” मागून आवाज आला. तेव्हा मी दुसरी ओळ लिहिली: दरवर्षी टाकलं तर दहा वर्षांत ०.३. युरिया पिकाने उचलला, वाहून गेला, संपला, तसं धातूचं होत नाही. तो बहुतेक तिथेच राहतो. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत त्याला मुळांपर्यंत पोचणं अवघड जातं ही जमेची बाजू. पण पालक, मेथीसारख्या पालेभाज्या फळांपेक्षा तो जास्त उचलतात. आणि या पट्ट्यातली भाजी रोज नाशिकच्या बाजारात जाते.

एका आजींनी विचारलं, “चांगलं तापवून दिलं तर?” अहमदाबादला गाळावर गॅमा किरणांचा मारा करून जंतू मारायचा प्रकल्प आहे, तेही मी सांगितलं. पण त्याने जंतूच मरतात. आमटी खारट झाली तर कितीही उकळा, मीठ जात नाही, उलट आटून आणखी खारट लागते. कुजताना गाळाचंही तेच होतं: कर्ब उडून जातो, वजन घटतं आणि किलोमागे धातू वाढतो. आजींनी मान हलवली आणि शेजारणीला तेच पुन्हा, माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं.

पीएफएएसबद्दल, औषधांच्या अंशांबद्दल मी सरळ सांगितलं: हे तपासलेलं नाही, आपल्या खताच्या मापदंडात त्यांचा रकानाच नाही. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, “तुमच्या शेतात टाकाल का?” मी म्हटलं, झेंडूला टाकेन, मातीचा अहवाल बघून, एकदाच. भाजीला नाही.

द्राक्षवाल्यांनी नकार दिला. त्यांच्यासाठी एक कंटेनर परत येणं म्हणजे वर्ष बुडणं, त्यामुळे मला तो पटला. फूलशेतीवाल्या काही जणांनी तयारी दाखवली. गटाने केंद्राला पत्र दिलं आहे: प्रत्येक ढिगाचा वेगळा अहवाल, निकेलची फेरतपासणी, आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर. उत्तर यायचं आहे. ते हातात पडेपर्यंत एकही ट्रॉली उतरवायची नाही, असं ठरलं आहे.