भिजलेली पाठ

आधीच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: 'विषप्राशन, पोट धुतले'. दिवे घाट उतरून हडपसरला आमच्या कॅज्युअल्टीत तो पोचला तेव्हा दुपार झाली होती. पस्तिशीचा गडी. घामानं निथळत होता, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी 48. छातीत दोन्ही बाजूंना घरघर. ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे कीटकनाशकांतलं विष. रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायची ही वेळच नव्हे.

ऑक्सिजन लावला आणि या विषावरचा उतारा, ॲट्रोपीन, तीन अँप्यूल म्हणजे 1.8 मिलीग्रॅम, शिरेतून दिलं. पाच मिनिटांनी छाती तशीच, म्हणून सहा. मग बारा. नवीन डॉक्टर बाहुल्यांकडे बघत बसतात. मी त्यांना स्टेथोस्कोप धरायला लावते. अशा रुग्णाचा जीव फुप्फुसात साठणाऱ्या पाण्यानं जातो. छाती कोरडी झाली, ठोके 80च्या वर गेले, वरचा रक्तदाब 80च्या वर टिकला, की डोस दुप्पट करणं थांबवून ड्रिप सुरू करायची.

त्याची बायको दाराशी उभी होती. "मॅडम, ते प्यायले नाहीत हो. सकाळपासून वाटाण्यावर औषध मारत होते." तिला वाटेत सगळ्यांनी एकच विचारलं होतं, घरात भांडण झालं का? विचारावं लागतंच, पण तिचं म्हणणं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं.

सिस्टरनी शर्ट कात्रीनं कापला आणि उग्र वास आला. पाठ, कंबर, पँटचा वरचा भाग, सगळं ओलं. पाठीवरच्या पंपाच्या झाकणाचा वायसर गेला होता. पोट धुतलं गेलं होतं आणि विषानं भिजलेला शर्ट मात्र इथपर्यंत अंगावरच होता, कातडीतून औषध आत जातच होतं! मला फार संताप आला. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतरही फवारणीवाला दिसला की आधी कपडे उतरवायचे, हे आपल्या अंगवळणी पडू नये?

आम्ही नायट्राइलचे हातमोजे घालून त्याला साबण-पाण्यानं धुतलं. केस, काखा, नखांच्या कडासुद्धा. कपडे पिशवीत बांधून बाजूला. पुतण्यानं औषधाची बाटली सोबत आणली होती, हे त्यानं फार चांगलं केलं. क्विनॉलफॉस, याच ऑर्गनोफॉस्फेट गटातलं; लेबलवर पिवळा त्रिकोण, म्हणजे अति विषारी.

संध्याकाळपर्यंत छाती मोकळी झाली. तरी आयसीयूतून हलवलं नाही. पहिल्या दिवसानंतर, चौथ्या दिवसापर्यंत कधीही मान आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. म्हणून दर फेरीला "मान उचला" म्हणायचं. त्यानं दर वेळी उचलली.

घरी सोडताना सांगितलं, या विषानं निकामी केलेलं रक्तातलं एन्झाइम भरून यायला कित्येक आठवडे लागतात, तोवर फवारणी बंद. तो म्हणाला, "रोजंदारी आहे मॅडम, मालक दुसरा गडी बघेल." मग मालकालाच फोन लावून घेतला. नवा वायसर, पाठीवर प्लास्टिकचा कागद, मिसळताना हातमोजे, वाऱ्याकडे पाठ, तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकायचं नाही, फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे. गड्याला तोवर खुरपणीचं काम द्या, असंही म्हटलं. "देतो," म्हणाले. बायकोनं मालकाचा नंबर माझ्या वहीत लिहून घ्यायला लावला.