टाचेखालची प्लेट

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. तालमीतली पोरं येतात ती बहुतेक खांदा नाहीतर गुडघा धरून. परवाच्या पैलवानाचं गाऱ्हाणं वेगळं होतं. बैठका मारून मांड्या खांबासारख्या झालेल्या, पण जिममध्ये खांद्यावर बार घेतला की स्क्वॉट अर्ध्यातच अडायचा. आणखी खाली गेला की टाचा उचलायच्या. 'हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) आखडलेत' असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून हा रोज पायाचे अंगठे धरत बसलेला. कशाचंही खापर फोडायला हॅमस्ट्रिंग बरे सापडतात!

म्हटलं, "पैलवान, बूट काढा आणि टाचा टेकवून उकिडवं बसा." बसता बसता गडी मागे कलंडला. मग दोन्ही टाचांखाली अडीच किलोच्या प्लेटा सरकवल्या, तर पाठ ताठ ठेवून थेट खालपर्यंत गेला. टाच उंच झाली की घोट्याला कमी वाकावं लागतं. म्हणजे खुब्याचं काही अडलं नव्हतं, दुखणं घोट्यात होतं. देशी बैठक चवड्यांवर मारतात, खाली जाताना टाच उचलतेच. त्यामुळे कितीही बैठका मारल्या तरी त्यात ही उणीव उघडी पडत नाही.

भिंतीजवळ उभं केलं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल जमेल तितकं मागे न्यायचं. अंगठा आणि भिंत यांत 10 सेंटिमीटरच्या आसपास अंतर मिळालं की आमचं समाधान होतं. डावा 9, उजवा जेमतेम 4.

"हा पाय कधी मुरगळलेला?"

"दहावीत, मॅडम. आंबेहळद लावली आणि परत मातीत उतरलो."

ताण कुठं येतो विचारलं, तर पोटरी सोडून त्यानं घोट्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवलं. "हितं चिमटा बसतोय." पुढे चिमटा बसला की माझा संशय आधी सांध्यावर जातो, तिथे नुसती पोटरी ताणून भागत नाही. गुडघा पुढे जाताना घोट्यातलं टॅलस हाड मागे सरकावं लागतं. नडगीच्या खालच्या टोकाला पट्टा अडकवून तो माझ्या कमरेला घेतला, तळहातानं टॅलस मागे दाबून धरलं आणि त्याला गुडघा पुढे-मागे न्यायला लावला. पुन्हा मोजलं, 6. घरी हेच भिंतीशी करायचं, शिवाय गुडघा वाकवून पोटरीचा ताण, कारण स्क्वॉटमध्ये गुडघा वाकलेलाच असतो.

"बैठका बंद करू का?"

"कशाला? मारा की. बार मात्र तूर्त प्लेटांवर उभं राहूनच घ्यायचा."

सोबत आलेले वस्ताद पुटपुटले, "ही तर लबाडीच झाली." त्यांना म्हटलं, वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच उगीच उंच असते होय?