सर्व्हिस बुकातली ती दोन वर्षं

निवृत्तीची तयारी म्हटलं की माणसं एफडी, म्युच्युअल फंड आणि चारधाम यात्रा यांबद्दल बोलायला लागतात. मी सर्व्हिस बुकाबद्दल, म्हणजे नोकरीची सगळी नोंद असलेल्या सेवापुस्तकाबद्दल बोलते, आणि अजूनही बोलताना माझा आवाज चढतो.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक, म्हणजे नकाशे काढणारी होते. १९८९ साली सातारा जिल्ह्यातल्या एका उपविभागात रुजू झाले, पुढे बदलीनं पुण्याला आले आणि ३१ मे २०२४ ला अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाले. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागल्यामुळे मला जुनी पेन्शन आहे. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं निवृत्तिवेतन, वर महागाई वाढ. आमच्या घरात या आकड्याला फार महत्त्व होतं, कारण हे खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची पीएफची पेन्शन महिन्याच्या वाणसामानालाही पुरत नाही. त्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवरच आहे. म्हणजे घर चालायचं ते माझ्या पेन्शनवर.

म्हणूनच मी २०२२ मध्येच कर्मचाऱ्यांचे नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या आस्थापना शाखेत लेखी अर्ज दिला की माझं सेवापुस्तक मला पाहायला मिळावं आणि नोंदी अपुऱ्या असतील तर आत्ताच पूर्ण कराव्यात. उत्तर मिळालं, "ताई, अजून दोन वर्षं आहेत, कशाला घाई?" नंतर पुन्हा विचारलं तर संबंधित लिपिकाची बदली झालेली, नवीन माणूस आलेला नाही, कपाटाची किल्ली साहेबांकडे. असं करत ते पुस्तक प्रत्यक्ष टेबलावर आलं २०२३ च्या दिवाळीनंतर. पेन्शन केस निवृत्तीच्या सहा महिने आधी मंजुरीसाठी महालेखाकारांकडे जायला हवी, हे त्या शाखेतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

पुस्तक आधी वेतन पडताळणी पथकाकडे गेलं. तिथं वेतन आयोगांच्या वेतननिश्चिती तपासतात. ते काम बिनबोभाट झालं. मला वाटलं, सुटलो.

मग शाखेत नवीन आलेल्या मुलीनं केस बांधायला घेतली. हुशार मुलगी, पान न् पान वाचणारी. तिनं मला बोलावून दाखवलं: एप्रिल १९९३ ते मार्च १९९५ या काळाची सेवा पडताळणीच नाही. दरवर्षी कार्यालयप्रमुखानं वेतन देयकांवरून सेवा पडताळून पुस्तकात तसा दाखला लिहायचा आणि सही करायची असते. त्या दोन वर्षांच्या जागी काहीही नव्हतं. ना शेरा, ना सही, ना शिक्का. त्या काळातली वेतनवाढ मात्र नोंदवलेली होती. म्हणजे मी कामावर होते हे त्याच पुस्तकाला ठाऊक होतं, फक्त पडताळल्याची ओळ लिहायची राहिली होती. "ही ओळ नसेल तर केस आक्षेप लागून परत येईल, मॅडम," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

त्या वेळचा माझा उपविभाग कालव्याचं काम संपल्यावर बंद झाला. त्याचं दप्तर दुसऱ्या एका विभागाकडे वर्ग झालं होतं. आमच्या कार्यालयानं तिथं पत्र पाठवलं. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवलं. उत्तर नाही. मी रजा टाकून स्वतः गेले. तिथल्या भाऊसाहेबांनी पत्र आलंच नाही म्हणून सांगितलं. मी पोहोच दाखवली. मग म्हणाले, तो विषय दुसऱ्या टेबलाचा. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, जुनी देयकं गोदामात आहेत. गोदामाची किल्ली असलेला शिपाई रजेवर. पुढच्या खेपेला शिपाई होता, पण गोदाम उघडायला साहेबांची परवानगी हवी आणि साहेब मंडळ कार्यालयात बैठकीला. पुढच्या खेपेला गोदाम उघडलं. आत भिजून एकमेकांना चिकटलेले गठ्ठे आणि उंदरांनी कुरतडलेले हजेरीपट. १९९३ चं एकही देयक हाती लागलं नाही. त्यावर पुन्हा पंधरवडाभर घालवून त्यांनी एका ओळीचं पत्र दिलं: अभिलेख उपलब्ध नाही.

मला राग दप्तर नसण्याचा नाही. तीस वर्षांत कागद जातात. पण "उपलब्ध नाही" हे तर पहिल्या पत्रालाच लिहिता आलं असतं. ते लिहिलं असतं तर पर्यायी पुराव्याचा मार्ग डिसेंबरातच मोकळा झाला असता. तेवढ्या एका ओळीसाठी मार्च उजाडला. समोरचा माणूस दोन महिन्यांनी निवृत्त होणार आहे, त्याचा पगार थांबणार आहे, हे त्या टेबलांवर कुणाच्या मनातही आलं नाही. आणि तेही उद्या निवृत्त होणार आहेत, त्यांचीही सर्व्हिस बुकं कुठल्या तरी कपाटात आहेत.

अभिलेख मिळत नसतील तर काय करायचं याची तरतूद नियमांत आहे, हे त्याच मुलीनं शोधून काढलं. कर्मचाऱ्यानं साध्या कागदावर लेखी निवेदन द्यायचं, अमुक काळात मी अमुक ठिकाणी काम केलं, आणि सोबत मिळेल तो पुरावा जोडायचा. तो मान्य करायचा अधिकार कार्यालयप्रमुखाचा.

माझ्याकडे पुरावा होता, आणि हे मी अभिमानानं सांगते. नोकरीला लागले तेव्हा वडिलांनी एक फाईल दिली होती आणि बजावलं होतं की सरकारचा एकही कागद फेकायचा नाही. तीत माझ्या भविष्य निर्वाह निधीच्या सगळ्या वार्षिक चिठ्ठ्या वर्षवार लावलेल्या होत्या. १९९३-९४ च्या चिठ्ठीत बाराही महिन्यांची वर्गणी जमा दिसत होती. पगार झाल्याशिवाय वर्गणी कापली जात नाही, यावर कुणी काय आक्षेप घेणार? १९९४-९५ च्या चिठ्ठीत मात्र काही महिन्यांची जमा गहाळ होती. (तुमच्या चिठ्ठीत अशी गहाळ जमा असेल तर त्याच वर्षी पत्रव्यवहार करा. अखेरच्या हिशोबात तेवढे पैसे आणि त्यावरचं व्याज, दोन्ही अडकतं.) ती फट भरायला बदलीच्या वेळचं एल.पी.सी. म्हणजे अंतिम वेतन प्रमाणपत्र जोडलं. शिवाय तेव्हाच्या दोन सहकाऱ्यांचे लेखी जबाब. त्यातले एक कराडला असतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे. मी दारात उभी राहिले तर म्हणाले, "बाई, तुमच्या हातचे नकाशे अजून आठवतात, कुठं सही करू सांगा." त्यांनी आपल्या स्वतःच्या पेन्शनच्या आदेशाची प्रतही काढून दिली, ते त्याच खात्यात होते हे दाखवायला.

एप्रिलच्या अखेरीस साहेबांनी दोन वर्षांची सेवा पडताळल्याचा दाखला लिहून सही केली. ती ओळ मी उभ्या उभ्या तीनदा वाचली.

केस मुंबईला महालेखाकारांकडे गेली मे महिन्यात. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी हातात नारळ, शाल होती आणि पेन्शनचा पत्ता नव्हता. अशा वेळी गप्प घरी बसू नका. केस लांबली तर सहा महिन्यांपर्यंत तात्पुरतं निवृत्तिवेतन देता येतं, पण ते आपणहून कुणी देत नाही. मी निरोप समारंभाच्या आधीच अर्ज देऊन पोहोच घेतली होती. उपदानाला (ग्रॅच्युइटीला) आणि पेन्शनला प्रशासकीय कारणानं उशीर झाला तर व्याजाचीही तरतूद आहे. तुमचे सगळे अर्ज तारखेनिशी आणि पोहोचेसह जवळ असतील तरच ते व्याज मागता येतं.

रजा रोखीकरण आणि गटविम्याची बचत रक्कम कार्यालयाच्याच हातात असल्यानं ते पैसे आधी आले. माझ्या खात्यावर तीनशे दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती, तेवढीच कमाल मर्यादा आहे. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, सप्टेंबरात आला. कोषागारात ओळख पटवायला जावं लागतं, तिथं पाऊण तासात काम झालं. मूळ पीपीओ, आधार, पॅन, पासबुक न्यावं.

अंशराशीकरणावरून घरात बराच खल झाला. निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. समजा पेन्शन ३०,००० असेल तर १२,००० दरमहा कमी होतात आणि पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. महागाई वाढ मात्र मूळ ३०,००० वरच मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि सरकारी कर्मचाऱ्याला या रकमेवर प्राप्तिकर नाही. मी पूर्ण ४० टक्के घेतलं. जावयांचं मत वेगळं होतं. पण मुलाच्या शिक्षणाचं कर्ज फेडून मोकळं व्हावं ही माझी इच्छा होती आणि निर्णय माझा होता.

उरलेल्या रकमेतून पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवले. ८.२ टक्के व्याज, दर तिमाहीला खात्यात जमा. साठच्या आतल्या निवृत्तांनाही ती खुली आहे, पण निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं आणि कार्यालयाचं तसं पत्र लागतं. ते पत्र निवृत्तीआधीच तयार करून ठेवायला सांगा. निवृत्त झाल्यावर त्याच टेबलापुढं पुन्हा उभं राहण्यात वेळ जातो.

आरोग्य विमा मी चोपन्नाव्या वर्षीच घेतला होता, ते फार बरं झालं. नोकरीत मिळते तशी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती निवृत्तीनंतर आम्हाला नाही, आणि मला मधुमेह आहे. आधीच्या आजारांसाठी विमा कंपन्या काही वर्षं थांबायला लावतात. ती वर्षं पगार चालू असतानाच संपवावीत.

पेन्शनचं खातं मी यांच्यासोबत संयुक्त ठेवलं आहे. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नोंदीत यांचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे तंतोतंत आहे ना, हे पीपीओ हातात आल्या आल्या पाहिलं. उद्या मी नसले तर यांना टेबलांपुढं उभं राहावं लागू नये. यांना बँकेची कामं कधी करावी लागली नव्हती, म्हणून पहिल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला मी त्यांना सोबत घेऊन गेले आणि मोबाईलवर जीवन प्रमाण कसं काढतात तेही शिकवलं.

घरी बसण्याची भीती मला नव्हती. नकाशे काढायचा हात आहे, सोसायटीच्या पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरणाचा आराखडा मी काढून दिला, त्यावर काम सुरू झालंय. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या गटात अजून नोकरीत असलेल्या दोघीजणी आहेत. एकीची निवृत्ती २०२७ ला आहे. तिला मी दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे सेवापुस्तकाची कर्मचाऱ्याकडे राहणारी प्रत, मागायला लावलं, आणि ते मिळेपर्यंत दर सोमवारी विचारत राहिले. मागच्या आठवड्यात मिळालं. आता आम्ही दोघी ते पान पान वाचतोय, सध्या १९९८ पर्यंत पोहोचलोय. एका वर्षाची सही नाही. पत्र उद्याच जाणार आहे.