उद्देश: एसटी पास

मतदार नोंदणी मोबाईलवर दहा मिनिटांत होते म्हणतात. होते की! नव्या मतदाराचा फॉर्म ६ मी मेसच्या रांगेत उभ्या उभ्या भरला. पुढचे अडीच महिने गेले ते एका बोनाफाईडपायी, म्हणजे कॉलेजात शिकत असल्याच्या दाखल्यापायी.

मी परभणीची, शिकते पुण्यात. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना घरच्या किंवा हॉस्टेलच्या, कुठल्याही एका पत्त्यावर नाव नोंदवता येतं. मतदानाची सुट्टी एका दिवसाची आणि परभणीची गाडी रात्रभराची, म्हणून मी पुणं धरलं. पण हॉस्टेलच्या खोलीला ना लाईट बिल, ना भाडेकरार. तिथं प्राचार्यांचं बोनाफाईड चालतं. ऑफिसच्या खिडकीत तेच मागितलं.

"उद्देश?"

"मतदार नोंदणी."

क्लार्कनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. तीनच पर्याय: शिष्यवृत्ती, एसटी पास, रेल्वे सवलत. "यात नाही म्हणजे देता येत नाही. आणि मतदान कार्ड गावाकडंच काढतात, बाळ."

मग सर रजेवर, मग शिक्का कुलपात, मग सोमवारी या. चौथ्या खेपेला वैतागून म्हटलं, एसटी पासचंच द्या. दोन मिनिटांत मिळालं! ते अपलोड केलं, अर्ज नामंजूर. त्यावर हॉस्टेलचा पत्ताच नव्हता.

शेवटी थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसले. त्यांनी लेटरहेडवर चार ओळी टाईप करून घेतल्या: ही इथं शिकते, अमुक हॉस्टेलच्या तमुक खोलीत राहते. सही, शिक्का, संपलं. तेव्हा खिडकीच्या नादी लागू नका.

वॉचमनकाकांनाही सांगून ठेवा. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ मॅडम पडताळणीला आल्या, तर "इथं पोरी राहतात, मतदार नाही" म्हणून ते त्यांना गेटवरूनच परत पाठवत होते.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: इंग्रजीत नाव टाकलं की मराठी आपोआप उमटतं, ते नीट वाचा. आमचं 'काळे' 'काले' झालं होतं. कार्ड आल्यावर कळलं तर पुन्हा दुरुस्तीचा फॉर्म ८. अठराची वाटही बघू नका, सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो.

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेआधी आम्ही चौघींनी निवडणूक आयोगाच्या साईटवरून आमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांची शपथपत्रं उतरवून घेतली. मालमत्ता, कर्ज, प्रलंबित गुन्हे, सगळं त्यात असतं. एकाची शेती वाचता वाचता मॅगी गार झाली.

परवा रेल्वे सवलतीसाठी त्याच खिडकीत गेले होते. यादीत अजून तीनच पर्याय आहेत.