उजवा रकाना कोरा का राहायचा

मला एडीएचडी (लक्ष टिकवणं, कामं वेळेत उरकणं अवघड करणारी मेंदूची अवस्था) आहे हे ३८व्या वर्षी कळलं. तपासण्या झाल्या, गोळीचा डोस बसला, ते सगळं त्या मानाने लवकर उरकलं. मी अडकले ते एका कागदावर. त्या कागदाचा राग अजून गेलेला नाही.

गोळीने कामात लक्ष लागायला लागलं, पण ‘मी मुळातच आळशी आहे’ हे मनातलं वाक्य जागचं हललं नाही. समुपदेशक बाई म्हणाल्या, ही मूळ धारणा. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या, विचार तपासून बघायच्या उपचारपद्धतीत साध्या विचारापासून सुरुवात करून एकेक पायरी खाली उतरत तिथपर्यंत जातात. बिल भरायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय? मला साधी कामंसुद्धा जमत नाहीत. जमत नाहीत म्हणजे काय? मी कुचकामी आहे. हे तोंडून निघालं आणि रडूच आलं. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा प्रगतिपुस्तकात दरवर्षी यायचा. लक्ष देता येत नाही, असं कुणी म्हणालंच नाही. देत नाही, म्हणजे मुद्दाम. लहान मुलीने यातून दुसरं काय समजायचं?

मग तो कागद आला. पाच रकाने: तारीख, प्रसंग, मनात आलेला विचार, धारणेच्या बाजूचा पुरावा आणि सगळ्यात उजवीकडे विरुद्ध पुरावा. रोज रात्री भरायचा. पहिल्या आठवड्यात विसरले. दुसऱ्या आठवड्यात कागदच हरवला. तिसऱ्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून सात दिवसांचं घाईघाईने लिहिलं आणि आत जाऊन खोटं बोलल्यासारखं वाटलं. असे सात आठवडे गेले. दिवसभरातलं आठवून, न कंटाळता, रोज ठरल्या वेळी लिहिणं, नेमकं हेच ज्याला जमत नाही त्याच्या हातात असा कागद द्यायचाच कसा? शिवाय मी तो भरला नाही, हाच माझ्या आळशीपणाचा नवा पुरावा! उपायच दुखण्याला खतपाणी घालत होता. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

आठव्या आठवड्यात पर्सच्या तळाशी चुरगळलेला एक कागद सापडला, तोच बाईंसमोर ठेवला. उजव्या रकान्यात एकच ओळ होती, ‘अहवाल वेळेत दिला’, आणि त्यावर पेनाच्या तीन आडव्या रेघा. “हे कुणी खोडलं?” त्यांनी विचारलं. मीच. शेवटच्या रात्री जागून केला होता, त्यात काय मोठं? “तुमच्या बहिणीने जागून दिला असता तर?” मी म्हणाले, तिने किती मेहनत घेतली असं म्हटलं असतं. रकाना कोरा का राहायचा ते मला तेव्हा समजलं. चांगलं घडत होतं, मीच ते खोडत होते.

त्या दिवशी आम्ही चार रकाने काढूनच टाकले. आता रोज विरुद्ध पुराव्याची एकच ओळ. कागद आरशाला चिकटवलेला, पेन दोऱ्याने तिथेच बांधलेलं. रात्री गोळीचा असर ओसरलेला असतो, म्हणून सकाळी दात घासले की आदल्या दिवसाचं लिहायचं. राहिलं तर मागचं भरत बसायचं नाही. तुम्हालाही असा तक्ता दिला आणि झेपला नाही, तर पहिल्याच आठवड्यात तसं सांगा. माझ्यासारखे सात आठवडे लाजेत घालवू नका.

‘मी आळशी नाही’ असं रोज घोकून मला काही फरक पडला नाही. शून्य ते शंभर अशी पट्टी आखून आज ही धारणा किती खरी वाटते तो आकडा लिहिल्याने पडला. मी ९५वर होते, आता बहुतेक दिवस ५०च्या आसपास असते. वाईट दिवशी ८०वर जाते, पण परत खाली येते.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: निदानाला जाताना जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हे तिथे विचारतात. माझ्या वेळी तोच दरवर्षीचा शेरा कामी आला.