फाइल समोर, तरी 'फाइल नाही'

"मॅडम, लेबलंच निघत नाहीयेत. फाइल नाही म्हणतंय," प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताईंनी फोनवर एवढंच सांगितलं. आदल्या रात्री त्यांचा सर्व्हर उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या 20.04 आवृत्तीवरून 22.04 वर नेला होता. ते काम दुसऱ्या टीमचं, आणि त्यांच्या नोंदीत सगळं सुरळीत होतं: मशीन उठलं, डेटाबेस चालू झाला, नेटवर्क मिळालं. लेबल छापणारा प्रोग्रॅम मात्र त्यांच्या तपासणीच्या यादीतच नव्हता. कुणीतरी फार पूर्वी तो तिथे आणून ठेवला होता आणि तेव्हापासून तो बिनबोभाट चालत होता.

मी पोहोचले तेव्हा ताई नमुन्यांच्या नळ्यांवर पेनने क्रमांक लिहीत होत्या. घाईत लिहिलेला 1 कुणाला 7 वाटला, तर एकाच्या रक्ताचा अहवाल दुसऱ्याच्या हातात पडू शकतो. म्हणून प्रत्येक क्रमांक दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घेत होत्या. काम निम्म्याहून कमी वेगाने चाललं होतं, पण त्यांनी ती पद्धत सोडली नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

माझा तरुण सहकारी आधीच टर्मिनल उघडून बसला होता. प्रोग्रॅम चालवला की उत्तर येई, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', आणि त्यापुढे त्याच प्रोग्रॅमचं नाव. फोल्डरची यादी काढली तर फाइल तिथेच होती. आकार बरोबर, चालवायची परवानगी बरोबर. त्याने बॅकअपमधून पुन्हा प्रत आणून ठेवली, दोन्हींचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, जुळवून पाहिला. बाइट न् बाइट तीच फाइल, आणि उत्तरही तेच.

"मॅडम, डिस्क खराब असेल का?" त्याने विचारलं. डिस्क खराब असती तर वाचताना वेगळी त्रुटी आली असती, आणि चेकसम जुळला याचा अर्थ फाइल शेवटपर्यंत नीट वाचता येत होती. मग नाही कोण म्हणतंय, आणि नेमकी कुठली फाइल?

हा संदेश तयार कसा होतो ते इथे सांगायला हवं. आपण प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं की शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम, कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, सांगतं, हे चालव. जमलं नाही तर कर्नल शेलला फक्त एक आकडा परत देतो. या त्रुटीचा आकडा 2. त्यासोबत कुठल्या फाइलचं नाव येत नाही. शेल त्या आकड्याचं वाक्य करतं आणि त्याला जे एकच नाव ठाऊक असतं, म्हणजे आपण टाइप केलेलं, ते शेजारी लावून देतं. वाक्य खरं असतं, काहीतरी नक्कीच सापडलेलं नसतं. पण नाव शेलच्या अंदाजाने लागलेलं असतं, आणि आपण नेमका त्या नावावर विश्वास ठेवतो.

कर्नलला दोन वेगळ्या गोष्टी सापडाव्या लागतात. पहिली, प्रोग्रॅमची फाइल. दुसरी, त्या फाइलच्या आतच ज्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो तो लोडर. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम स्वतःहून सुरू होत नाहीत. आधी लोडर मेमरीत येतो, तो लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार कोडच्या फाइली, गोळा करतो आणि मग मूळ प्रोग्रॅमकडे सूत्रं देतो. लोडर जागेवर नसला तरीही कर्नलचं उत्तर तेच, 2. एक्झेकव्हीई या सिस्टिम कॉलच्या, म्हणजे कर्नलला प्रोग्रॅम चालवायला सांगणाऱ्या विनंतीच्या, मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत स्पष्ट लिहिलेलं आहे, पण अडचणीच्या सकाळी मॅन्युअलचं ते पान कोण उघडतं?

फाइल कुठल्या प्रकारची आहे ते सांगणारी 'फाइल' नावाची छोटी कमांड मी त्या प्रोग्रॅमवर चालवली. उत्तराच्या सुरुवातीलाच '32-बिट', म्हणजे आजच्या 64-बिट मशीनांच्या आधीच्या प्रकारचा, असं आलं आणि पुढे लोडरचा पत्ता: स्लॅश लिब स्लॅश एलडी-लिनक्स डॉट एसओ डॉट 2. त्या पत्त्यावर पाहिलं तर काहीच नव्हतं. 64-बिट प्रोग्रॅमचा लोडर वेगळ्या नावाचा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, तो जागेवर होता. म्हणूनच बाकी सगळा सर्व्हर ठणठणीत चालत होता.

सहकाऱ्याने त्याआधी एलडीडी चालवून पाहिलं होतं. प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी लागतात ते ही कमांड सांगते. तिने सांगितलं होतं की हा डायनॅमिक, म्हणजे बाहेरच्या लायब्ररी वापरणारा, प्रोग्रॅमच नाही. तो बिचारा त्यामुळे आणखी भलतीकडे गेला होता. खरं तर 32-बिट लोडर नसलेल्या 64-बिट मशीनवर एलडीडी 32-बिट प्रोग्रॅमबद्दल हेच म्हणते. प्रोग्रॅमने कर्नलला केलेल्या विनंत्या दाखवणारी स्ट्रेस ही कमांड लावूनही फायदा झाला नव्हता, कारण त्यात एक्झेकव्हीई अयशस्वी झाल्याची एकच ओळ दिसते आणि तिच्यातही नाव प्रोग्रॅमचंच. शेल, एलडीडी आणि स्ट्रेस, तिन्हींनी चुकीच्या दिशेला बोट दाखवलं, तर नवा माणूस गोंधळणारच. त्यात त्याचा काही दोष नाही.

बॅश या नेहमीच्या शेलच्या 5.2 आवृत्तीत, म्हणजे 2022 च्या सप्टेंबरपासून, हा संदेश सुधारला आहे. आता अशा वेळी 'आवश्यक फाइल सापडली नाही' अशा अर्थाचं उत्तर येतं. उबुंटू 22.04 मध्ये मात्र बॅश 5.1 आहे. स्क्रिप्टच्या बाबतीत जुनं बॅशही बरं वागतं: पहिल्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर, म्हणजे ती स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, नसेल तर ते स्वतः ती ओळ वाचून त्याचं नाव सांगतं. पायथन 2 या जुन्या इंटरप्रिटरचा आधार 1 जानेवारी 2020 ला संपल्यापासून जुन्या स्क्रिप्टबाबत ती तक्रार मी पुष्कळदा पाहिली आहे.

लोडर गेला कुठे, ते पॅकेज मॅनेजरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाच्या, इतिहासाच्या लॉगमध्ये सापडलं. त्या सर्व्हरवर एका जुन्या प्रिंटरचा 32-बिट ड्रायव्हर होता, बाहेरच्या रेपॉझिटरीतून, म्हणजे उबुंटूच्या नसलेल्या सॉफ्टवेअर-साठ्यातून, घेतलेला. आवृत्ती बदलताना उबुंटूचं अपग्रेड साधन बाहेरच्या रेपॉझिटरी बंद करतं. ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी जुळेना, म्हणून काढला गेला. लोडर आणि 32-बिट लायब्ररी त्या ड्रायव्हरची गरज म्हणून आपोआप आलेल्या होत्या. ज्याच्यासाठी आल्या तोच उरला नाही, म्हणून शेवटच्या सफाईत त्याही गेल्या. लेबलचा प्रोग्रॅम हाताने आणून ठेवलेला, पॅकेज मॅनेजरच्या खात्यात त्याची नोंदच नाही. इतकी वर्षं तो दुसऱ्याच्या सामानावर चालतोय हे पॅकेज मॅनेजरला कळणार कसं? त्याने आपल्या नियमाप्रमाणे चोख काम केलं होतं.

32-बिट सी लायब्ररीचं पॅकेज बसवलं, लोडर त्याच्यासोबतच येतो. प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि नवी त्रुटी आली. मला मनापासून आनंद झाला, कारण या वेळी बोलत होता लोडर, आणि हवी असलेली लायब्ररी कोणती ते त्याला नेमकं माहीत असतं. 32-बिट सी प्लस प्लस लायब्ररी नव्हती, ती बसवली. आता एलडीडीनेही सरळ यादी दिली आणि राहिलेल्या लायब्ररींपुढे 'नॉट फाउंड' दाखवलं. त्या एकदमच बसवल्या. पहिलं लेबल बाहेर आलं तेव्हा ताईंनी आधी ते स्कॅनरखाली धरलं, पडद्यावरचा क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी ताडला आणि मगच मान हलवली.

पण अहवाल पुढे पाठवणारा दुसरा प्रोग्रॅमही अडला होता. तो 64-बिट, त्याचा लोडर शाबूत. त्याला ओपनएसएसएल या कूटबद्धीकरणाच्या सॉफ्टवेअरची 1.1 मालिकेतली लायब्ररी हवी होती, आणि उबुंटू 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3 आहे.

सहकारी म्हणाला, "नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक देऊ या का? नाव मिळालं की चालेल."

सिमलिंक म्हणजे एका फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव. हा उपाय मी ठिकठिकाणी केलेला पाहिला आहे आणि मला त्याची खरोखर भीती वाटते. नव्या किल्लीला जुन्या किल्लीची चिठ्ठी बांधली म्हणून जुनं कुलूप उघडत नाही. मुख्य क्रमांक 1 वरून 3 वर जातो तेव्हा आतली फंक्शन आणि रचना बदललेल्या असतात. नशीब चांगलं असेल तर प्रोग्रॅम सुरू होतानाच आवृत्ती जुळत नाही म्हणून थांबतो. नशीब वाईट असेल तर तो सुरू होतो आणि मध्येच कुठेतरी भलतं वागतो, आणि इथे तर रुग्णांचे अहवाल कूटबद्ध करून पाठवायचे होते. जुन्या मशीनवरून लायब्ररीची फाइल उचलून आणणंही मी नाकारलं. ओपनएसएसएल 1.1.1 चा सार्वजनिक आधार 11 सप्टेंबर 2023 पर्यंतच होता, आणि अशी हाताने ठेवलेली प्रत उबुंटूच्या सुरक्षा अद्ययावतीकरणात कधीच येत नाही. तिच्यात भोक सापडलं तरी ते बुजवायला कुणी येणार नसतं.

20.04 वरचा एक राखीव सर्व्हर अजून चालू होता. अहवाल पाठवायचं काम तात्पुरतं तिकडे वळवलं आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडे नव्या आवृत्तीसाठी बांधलेली प्रत मागितली. ती यायला वेळ लागला. तोवर ताईंना अहवाल दोन ठिकाणी पाहावे लागले, आणि त्यांनी ते पाहिले.

लेबलच्या प्रोग्रॅमचं पक्कं काम बाकी होतं. लायब्ररी नुसत्या बसवून ठेवल्या तर त्या का आहेत हे पुढच्या माणसाला कळणार नाही. म्हणून इक्विव्हज हे साधन वापरून आम्ही एक रिकामं पॅकेज बनवलं. त्याच्या आत काही नाही, फक्त कुठली 32-बिट पॅकेजं लागतात त्यांची यादी आणि वर्णनात ती कुणाला लागतात ते. त्यामुळे पॅकेज मॅनेजरला आता हा प्रोग्रॅम दिसतो, सफाईत या लायब्ररी निघत नाहीत आणि कुणी काढायला गेलं तर आधी त्या रिकाम्या पॅकेजचं नाव समोर येतं. मग उरलेल्या सर्व्हरवर हाताने ठेवलेल्या प्रोग्रॅमच्या फोल्डरांवरून 'फाइल' कमांड फिरवली. आणखी काही 32-बिट प्रोग्रॅम निघाले. त्यांची अपग्रेड आम्ही पुढे ढकलली आणि यादी अपग्रेड करणाऱ्या टीमकडे पाठवली.