निपाणीकरांचा अ‍ॅडव्हान्स

टिळकवाडी, बेळगाव
मंगळवार, रात्री

सकाळीच निपाणीहून फोन आला. "काकू, आमचं गोव्याचं जमत नाही हो. चुलते गेले. सुतक आहे." येत्या शनिवारपासून आमच्या टाइमशेअरचा, म्हणजे गोव्याच्या रिसॉर्टमधल्या खोलीचा दरवर्षी आमच्या हक्काचा असलेला आठवडा त्यांनी भाड्याने घेतला होता. भाडं 24,000, त्यातले 12,000 आमच्याकडे आलेले. मी म्हटलं, तुम्ही घरचं बघा, पैशाचं नंतर बोलू.

भावजी जेवायला होते. त्यांचं म्हणणं, अ‍ॅडव्हान्स म्हणजे अ‍ॅडव्हान्स, तो बुडाला. मला हे पटत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती त्या रकमेच्या आतली वाजवी भरपाई. आणि नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात स्पष्ट केलंय. एकच खोली दोनदा विकून दोघांचे पैसे ठेवायचे, हे मला तर चोरीच वाटते.

तरी आठवडा भाजीसारखा नाशवंत, हेही खरं. शनिवारी कुणी चावी घेतली नाही तर तो गेला, आणि वर्षाचा मेंटेनन्स मात्र भरावाच लागतो. म्हणून दुपारभर फोन केले. शहापूर, खानापूर, शेवटी गोकाकचं एक कुटुंब 19,000 ला तयार झालं. पाहुण्यांचं नाव बदलायला रिसॉर्टने 500 घेतले. म्हणजे माझी तूट 5,500. उरलेले 6,500 निपाणीचे, त्यावर माझा हक्क नाही. मेंटेनन्स त्यांच्या हिशेबात धरला नाही; ते आले असते तरी तो मलाच भरायचा होता.

सुतक आहे म्हणून हे केलं, असंही नाही. उद्या कुणी स्वस्त हॉटेल मिळालं म्हणून रद्द केलं, तरी हिशेब हाच. कारणावर पैसे ठरवायला लागलो की खोटं बोलणाऱ्याचं फावतं, आणि ज्याच्या घरात खरंच माणूस गेलंय त्याच्याकडे दाखला मागायची वेळ येते. ते माझ्याच्याने होणार नाही. कुणाला जास्त द्यावंसं वाटलं तर ते माझ्या पदरचं, नियमात नको.

आता अटी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून आधीच पाठवायच्या, कारण चिकोडी-गोकाककडचेही लोक घेतात. महिनाभर आधी कळवलं तर सगळे परत. त्यानंतर खोली दुसऱ्याला गेली तर फक्त तूट कापायची, गेलीच नाही तर अ‍ॅडव्हान्स ठेवायचा. आमच्याकडून किंवा रिसॉर्टकडून मोडलं तर पै न पै परत. गोव्याला जायचा चोर्ला घाट बंद असला तर अनमोडने किंवा आंबोलीने जाता येतं, म्हणून तेवढ्यावर रद्द केलं तरी हाच नियम. आणि द्यायचा तो आपल्या मालकीचाच आठवडा. आठवड्यांची अदलाबदल करून देणाऱ्या आरसीआयसारख्या संस्थेतून बदलून घेतलेला भाड्याने देता येत नाही.

संध्याकाळी पैसे पाठवले तर ते म्हणाले, "राहू देत काकू, पुढच्या वर्षी येतो की." मी नको म्हटलं. पुढच्या वर्षीचा मेंटेनन्स अजून भरलेला नाही, रिसॉर्टकडून तारीख पक्की नाही. जो आठवडा अजून माझ्या हातात नाही, त्यापोटी दुसऱ्याचे पैसे वर्षभर कसे ठेवायचे? तारीख आली की पहिला फोन त्यांना करीन, एवढं सांगितलं.